इंग्रजी शिकविण्याची मराठी साधने

जबलपूरच्या वायव्येला, सागरच्या दिशेने पाटन नावाचे एक तहसिलीचे गाव आहे. नर्मदेच्या उत्तरेकडील हा मुलूख एके काळी मराठ्यांच्या अमलाखाली होता. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांनी घेतले. १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला आणि नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले. आणि १९ डिसेंबर १८१७ च्या लढाईनंतर जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. राज्य गेले, तरी राज्यकारभाराच्या निमित्ताने या बाजूला येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मागे राहिली. त्यांच्या घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि कचेरीत पाहता पाहता तिसऱ्याच भाषेचा अंमल सुरू झालेला. ज्यांच्या वडिलांनी मोडीत हिशेब लिहिले त्यांच्या मुलांनी आता काय शिकावयाचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे पुण्या-मुंबईच्या मराठी माणसाइतकाच उभा राहिला होता.

या प्रश्नाला सागरने लवकर तोंड दिले. बंगाल तोफखान्यातील कॅप्टन जेम्स पेटन यांनी १८२८ मध्ये तेथे स्वतःच्या खर्चाने आणि लोकवर्गणीच्या साहाय्याने शाळा काढली. या कामी त्यांना पाठबळ मिळाले ते राव कृष्णराव या मराठी गृहस्थाचे. १८३३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक सागरला आले, तेव्हा कृष्णरावांची ही लोकहितबुद्धी पाहून ते इतके प्रसन्न झाले की, त्यांनी त्यांना कलकत्त्यास बोलावून घेतले, सुवर्णपदक दिले आणि वार्षिक हजार रुपये उत्पन्नाची जमीन इनाम दिली. सागरला जी शाळा उगवली तिचे महाविद्यालयीन वर्ग पुढे १८७३ मध्ये जबलपूरला गेले, आणि त्यांतूनच रॉबर्टसन कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आलेली संस्था वाढली.

शाळा काढणाराला पदक मिळाले, हे योग्यच झाले. परंतु शाळा म्हणजे केवळ चार भिंती आणि एक गुरुजी नव्हे. दहा-बारा वर्षांचा मराठी मुलगा पाटी घेऊन समोर बसला, त्याला इंग्रजी शिकवावयाची आहे, तर त्याच्या हातात कोणते पुस्तक द्यावयाचे? शब्द अडला तर तो कोठे पाहावयाचा? वाक्य चुकले तर ते का चुकले, हे कोणत्या नियमाने सांगावयाचे? या साध्या प्रश्नांची उत्तरे सिद्ध होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. ती उत्तरे प्रामुख्याने मुंबई-पुण्याकडे तयार झाली आणि तेथून मराठी माणूस जेथे जेथे होता तेथे तेथे पोचली. हा इतिहास वरवर पाहता इंग्रजी शिक्षणाचा आहे. पण थोडे खोलात गेले की, तो मराठीच्या घडणीचाही इतिहास आहे असे दिसून येते.

आरंभी साधने जवळजवळ नव्हतीच. मुंबईत १८२२ मध्ये शाळा काढण्यासाठी आणि शाळांना लागणारी पुस्तके तयार करण्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. १८२७ मध्ये तिला बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे नाव मिळाले. तिचे चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास बाळमित्र आणि इसापनीतिकथा ही पुस्तके मराठीत आणली. ही पुस्तके मराठी शिकण्यासाठी होती. परंतु त्यांचा एक अनपेक्षित उपयोग झाला. कोल्हा, कावळा, सिंह आणि उंदीर यांच्या ज्या गोष्टी मुलाने मराठीत वाचलेल्या असत, त्याच गोष्टी पुढे इंग्रजी वाचनपुस्तकांत त्याच्यापुढे येत. शब्द नवे असले तरी गोष्ट ओळखीची असे, आणि ओळखीच्या गोष्टीच्या आधाराने अनोळखी शब्दाचा अर्थ लागे. परभाषेच्या अभ्यासात या आधाराचे मोल किती मोठे आहे, हे ज्याने कधी परभाषा शिकविली आहे त्याला सांगावयास नको.

शब्दकोशाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांना थॉमस आणि जॉर्ज या कँडी बंधूंचे साहाय्य होते. पुढे इंग्रजी-मराठी कोशाचे काम मोल्सवर्थ यांनी हाती घेतले आणि थॉमस कँडी यांनी ते पूर्ण करून १८४७ मध्ये प्रसिद्ध केले. मोल्सवर्थ यांच्या पहिल्या कोशाची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. या प्रचंड ग्रंथांमागचा हेतू मुख्यतः असा होता की, इंग्रज अंमलदाराला आणि मिशनऱ्याला मराठी समजावी. मराठी मुलाने मात्र तोच रस्ता उलट दिशेने चालावयास घेतला. साहेबाने मराठीत उतरण्यासाठी बांधलेल्या घाटाने तो इंग्रजीच्या पाण्यात उतरला. पण असले जाडजूड आणि महाग ग्रंथ शाळकरी मुलाच्या दप्तरात मावणारे नव्हते. ही अडचण ओळखून बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या कोशाचे संक्षिप्त रूप तयार केले. मोठ्या ग्रंथाचा लहान ग्रंथ करणे हे काम कीर्तीचे नसते. तथापि विद्या वाड्यातून ओसरीवर येते ती अशाच कामांमुळे.

तिसरे साधन व्याकरणाचे. येथे तर उपकाराची देवघेव अगदी स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिंडली मरे यांचे इंग्रजी व्याकरण इंग्लंडात आणि इंग्लंडाबाहेरही प्रमाण मानले जाई. इंग्रजी शाळेत शिकलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी ते अभ्यासले, आणि आपल्या भाषेला असा सुसंगत नियमग्रंथ का नसावा, या विचाराने त्याच धर्तीवर मराठीचे व्याकरण रचले. ते १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालले. म्हणजे इंग्रजी शिकण्याचे साधन मराठीला आपले स्वतःचे रूप पाहण्याचा आरसा ठरले. विरामचिन्हांचीही हीच कथा. जुन्या मराठी लेखनात वाक्य कोठे संपते हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे असे. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह या खुणा इंग्रजी पुस्तकांतून आल्या, आणि त्या मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते. मराठी वाक्याला आज जी बैठक आहे ती घडविणाऱ्या कारागिरांत शालेय पुस्तकांच्या या संपादकाची गणना करावीच लागेल.

याच काळात, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण सुरू झाले. त्यात एका रकान्यात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी मजकूर असे. ते वर्गातील पुस्तक नव्हते. तरीही एकच विचार दोन भाषांत शेजारी शेजारी मांडलेला पाहावयास मिळणे, ही इंग्रजी शिकणाऱ्या तरुणाला केवढी मोठी शाळा होती! दोन भाषा समोरासमोर ठेवून एकीच्या उजेडात दुसरी वाचावयाची, ही जी पुढे मराठी मुलाच्या इंग्रजी अभ्यासाची मुख्य रीत झाली, तिची सवय दर्पणाने वाचकाला आधीच लावून दिली.

परंतु इंग्रजी शिकविताना मराठीचा आधार घ्यावा की नाही, याबद्दल त्या वेळी एकमत नव्हते. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या शिक्षणमंडळात यावर मोठा वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी माध्यमाकडे होता. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू उचलून धरली. शंकरशेट हे इंग्रजीचे वैरी नव्हते. मुंबईतील इंग्रजी शिक्षणाला त्यांनी आपला पैसा आणि आपले वजन दोन्ही दिले होते. ज्ञान बहुजनसमाजापर्यंत न्यावयाचे तर ते त्याच्याच भाषेतून गेले पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने दोन्ही भाषांना जागा करून दिली. त्यानंतर शिक्षणखाते निर्माण झाले, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि मॅट्रिकची परीक्षा हे साऱ्या शालेय शिक्षणाचे कळस होऊन बसले.

या व्यवस्थेत मधल्या शाळेला विलक्षण महत्त्व आले. मूल आधी मराठी शाळेत काही इयत्ता शिके. मग वाट फुटे. एक वाट मराठी सातवीपर्यंत जाऊन व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत संपे. तिचा शेवट बहुधा मराठी शाळेच्या मास्तरकीत किंवा तलाठ्याच्या दप्तरात होई. दुसरी वाट इंग्रजी पहिलीत शिरे. इंग्रजी पहिली, दुसरी आणि तिसरी या तीन इयत्ता म्हणजे मधली शाळा, अर्थात मिडल स्कूल. तेथून चौथीपासून वर हायस्कूल. मध्य प्रांतातही इंग्रजी शिकविणाऱ्या आणि केवळ देशी भाषेत शिकविणाऱ्या अशा दोन प्रकारच्या मधल्या शाळा होत्या. दहाव्या-अकराव्या वर्षी मूल कोणत्या दारातून आत गेले, यावर त्याचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून राहू लागले. म्हणूनच त्या तीन इयत्तांत मुलाच्या हाती काय पडत होते, हा प्रश्न केवळ शिक्षकांपुरता राहत नाही.

हाती पडत होती ती मुख्यतः हॉवर्डची पुस्तके. एडवर्ड हॉवर्ड हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे संचालक झाले, आणि त्यांच्या नावाची इंग्रजी वाचनपुस्तके इतकी सर्वत्र झाली की, हॉवर्डचे पहिले, हॉवर्डचे दुसरे, असेच मुलाच्या अभ्यासाचे मोजमाप सांगितले जाई. अक्षरओळख, लहान शब्द, लहान वाक्ये, मग गोष्टी आणि माहितीचे धडे, असा त्या वाचनमालांचा साधारण क्रम होता. क्रम चांगला होता, परंतु त्यात एक उणीव होती. इंग्रजी वाचनपुस्तक मुलाला इंग्रजी वाक्य दाखवी. मराठीत विचार करणाऱ्या मुलाचे पाऊल नेमके कोठे घसरते, हे ते दाखवू शकत नसे.

पाऊल घसरण्याच्या जागा तर पुष्कळ होत्या. 'घोडा आला' असे मराठीत म्हटले की भागते. इंग्रजीत तो घोडा कोणी एक आहे की आधी बोलण्यात आलेला, हे 'अ' किंवा 'द' लावून ठरवावेच लागते. मराठीत भूक 'लागते', राग 'येतो', आठवण 'होते', आणि ज्याला हे होते तो 'मला' म्हणून बाजूला बसलेला असतो. इंग्रजीत तोच वाक्याचा कर्ता होऊन पुढे येतो. पुस्तक टेबलावर, पतंग झाडावर, दिवा डोक्यावर, माकड भिंतीवर: मराठीचा एक 'वर' ही सारी कामे निमूटपणे करतो, पण इंग्रजीत प्रत्येक ठिकाणी विचार करून योग्य ते अव्यय योजण्याची पाळी येते. मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी सावकाश येते. इंग्रजी क्रियापदाला कर्त्याची पाठ सोडवत नाही. उच्चारांविषयी बोलावयाचे तर, सी-यू-टी कट होते आणि पी-यू-टी पुट होते, याचे कारण विचारणारा मुलगा हुशार ठरण्याऐवजी बहुधा छडीचा धनी होई.

ही घसरण्याची ठिकाणे ओळखून त्यांवर पायऱ्या बांधण्याचे काम केले ते द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांनी. दादोबा तर्खडकर व्याकरणाचे, आणि द्वारकानाथ तर्खडकर पाठमालेचे. त्यांची तीन भागांची भाषांतर पाठमाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि पुढे कित्येक दशके मराठी घरांतून तिचे नाव इंग्रजीच्या अभ्यासाशी एकरूप होऊन राहिले. तिची योजना साधी होती. धड्यात थोडे नवे शब्द, एखादा नियम, आणि मग वाक्ये: काही इंग्रजीतून मराठीत आणावयाची, काही मराठीतून इंग्रजीत न्यावयाची. आजच्या धड्यातील शब्द उद्याच्या धड्यात पुन्हा भेटत. नियम आधी सोपा, मग त्याचा अपवाद, मग दोहोंची सरमिसळ. पहिली फेरी शब्द आणि रचना ओळखण्याची. दुसरी फेरी मात्र खरी परीक्षेची, कारण तेथे मराठी वाक्याची मोडणी उलगडून त्याच आशयाची इंग्रजी मोडणी उभी करावी लागे. हॉवर्डचे पुस्तक इंग्रजीपासून आरंभ करी. तर्खडकरांची पाठमाला मुलापासून आरंभ करी, आणि मुलाजवळ जी भाषा होती तिलाच शिडी करी.

या पाठमालेचा आणखी एक गुण होता, आणि त्याचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे. तिला शिक्षकाची गरज कमी लागे. गावात इंग्रजी शाळा नाही, शाळा आहे तर फी देण्याची ऐपत नाही, ऐपत आहे तर वय निघून गेलेले. अशा माणसाला मराठी वाचता येत असेल तर तो हे पुस्तक उघडून स्वतःच आपला गुरू होऊ शके. व्हर्नाक्युलर फायनल होऊन मराठी शाळेत शिकविणारा मास्तर, कचेरीतील कारकून, पलटणीतील शिपाई, यांच्यासाठी बंद झालेले दार थोडेसे किलकिले करण्याचे सामर्थ्य त्यात होते.

शाळेचे दार सर्वांना सारखे उघडे नव्हते, ही गोष्ट त्या काळी उघडपणे बोलली गेली होती. जोतीराव फुले यांनी स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिक्षण घेतले होते. सावित्रीबाईंनी १८५४ मधील आपल्या काव्यसंग्रहात इंग्रजी विद्येवर कविता लिहिल्या. याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बजावले की, सरकारचा खर्च वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वाहत आहे आणि ज्यांच्या श्रमातून कराचा पैसा येतो त्या जनसमूहाच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा होत आहे. चांगले पुस्तक असणे ही एक गोष्ट. ते वाचण्याइतकी अक्षरओळख आणि वर्गात बसण्याची जागा मिळणे ही दुसरी. दुसरी नसेल तर पहिलीचा उपयोग किती?

या प्रश्नाचे एक उत्तर जबलपूरपासून दूर, परंतु मध्य भारतातच आरंभ होणाऱ्या एका जीवनकथेत सापडते. महू येथील लष्करी छावणीत रामजी सकपाळ हे सुभेदार आणि पलटणीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचा सर्वांत धाकटा मुलगा भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी तेथे जन्मला. पुढे हे कुटुंब साताऱ्यास आले, आणि १९०० मध्ये भीमरावाचे नाव तेथील सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला वर्गात इतरांबरोबर बसता येत नसे. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावयाचे, तहान लागली तर कोणी वरून पाणी ओतील तेव्हाच प्यावयाचे, असे ते शिक्षण होते. परंतु घरी निवृत्त सुभेदार वाट पाहत असत. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करून घेतली आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तिन्ही भाग तोंडपाठ करविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीच पुढे आपल्या आठवणींत हे कृतज्ञतेने नमूद करून ठेवले आहे.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. वर्गाने ज्याला जवळ येऊ दिले नाही, त्याच्या जवळ पुस्तक गेले. पुस्तकाला विटाळ नव्हता. शाळेत त्याची पाटी दुरून पाहिली जात असेल. घरी मात्र त्याच पाटीवर मराठी वाक्याचे इंग्रजी वाक्य होत होते, चुकत होते, पुसले जात होते आणि पुन्हा लिहिले जात होते. १९०७ मध्ये हा मुलगा मुंबईत मॅट्रिक झाला, पुढे कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला गेला, आणि स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या मसुदासमितीचा अध्यक्ष झाला. संविधानसभेत इंग्रजीतून एकेका शब्दावर त्यांनी जे काटेकोर विवेचन केले, त्याचे सारे श्रेय शाळकरी पाठमालेला देणे हा अतिरेक होईल. परंतु एका भाषेतील अर्थ दुसऱ्या भाषेत नेताना शब्द तोलून पाहावा लागतो, ही शिस्त त्यांना बालपणी ज्या साधनांतून लागली त्यांत तिचा वाटा होता, हे मान्य करावेच लागते. सुभेदार रामजींसारखा शिक्षक घरी नसता तर काय झाले असते, हेही लगोलग विचारावयास हवे. कारण ते पुस्तक घराघरांत गेले तरी तसा बाप घराघरांत नव्हता.

इकडे पुण्यात १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. मराठीचा कैवार घेणाऱ्या निबंधमालेच्या कर्त्याने आपल्या शाळेच्या नावातच इंग्रजीला स्थान द्यावे, यात काहींना विसंगती वाटते. परंतु इंग्रजी विद्येला वाघिणीच्या दुधाची जी उपमा त्यांच्या नावावर रूढ आहे, तिच्यात या विसंगतीचा उलगडा आहे. दूध प्यावयाचे ते अंगात बळ येण्यासाठी. वाघिणीच्या गुहेत राहावयास जाण्यासाठी नव्हे. लवकरच या शाळेत आलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी हे बळ मराठीसाठी कसे वापरावे, याचा धडाच घालून दिला. इंग्रजी वर्गात वाक्याचे उद्देश्य आणि विधेय वेगळे काढून त्याचे पृथक्करण शिकविले जाई. तीच पद्धत मराठी वाक्याला लावून आगरकरांनी १८८८ मध्ये वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दादोबांनी मरेपासून शब्दांचे व्याकरण घेतले, आगरकरांनी वाक्याचे घेतले. इंग्रजीच्या वर्गात शिरलेला मराठी माणूस रिकाम्या हातांनी परतला नाही, तो असा.

या साधनांचे दोषही सांगितले पाहिजेत. भाषांतराच्या अभ्यासातील वाक्ये एकमेकांशी संबंध नसलेली असत; एका वाक्यात राजा मरे, तर दुसऱ्यात माळी झाडाला पाणी घाली. अशा अभ्यासाने मुलाला इंग्रजी लिहिता येई, वाचता येई, पण समोर इंग्रज उभा राहिला की जीभ टाळूला चिकटे. कानाला इंग्रजी ऐकण्याची आणि तोंडाला ती बोलण्याची सवयच नसे. 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्द पुढे थट्टेने वापरला जाऊ लागला, तो यामुळेच. शिवाय परीक्षेच्या जोरामुळे पाठांतर वाढले. नियम मुखोद्गत असे आणि नियमामागचे कारण अज्ञात राही. सुभेदार रामजींनी पाठ करून घेतले आणि एखाद्या रागीट मास्तराने पाठ करून घेतले, या दोहोंत जे अंतर आहे ते पुस्तकातील नसून शिकविणाऱ्याच्या हेतूतील आहे.

विसाव्या शतकात या दोषांवर उपाय योजण्याचे अनेक प्रयत्न झाले. नेस्फील्ड यांच्या इंग्रजी व्याकरणाने बरीच वर्षे राज्य केले. त्यानंतर १९३० च्या दशकात मुंबईच्या कूपर प्रकाशनसंस्थेने रेन आणि मार्टिन यांचे हायस्कुलातील व्याकरण प्रसिद्ध केले. यांतील रेन हे मुंबईच्या शिक्षणखात्यात काम केलेले गृहस्थ आणि साहसी कादंबऱ्यांचे लेखकही होते. मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवून वस्तू, चित्र आणि हावभाव यांच्या साहाय्याने थेट इंग्रजीतूनच इंग्रजी शिकविण्याची प्रत्यक्ष पद्धती आली. ढाक्याच्या प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी मोजक्या, वारंवार लागणाऱ्या शब्दांवर वाचनमाला उभारली. जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजासारख्या संस्थांतून प्रशिक्षित शिक्षक बाहेर पडू लागले. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनासाठी मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, आणि वाक्यरचनांची चढती श्रेणी लावून त्यांचा तोंडी सराव करून घेण्याची संरचना पद्धती देशभर पसरली. फळ्यासमोर वस्तू आल्या, भिंतीवर तक्ते आले, आणि मुलाचे तोंड उघडले.

प्रत्यक्ष पद्धतीच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे पुष्कळ अंशी रास्त होते. पण ज्या शिक्षकाला स्वतःलाच इंग्रजी बोलण्याचा सराव नाही, त्याच्या हातून मातृभाषेचा आधार काढून घेतला की वर्गात उरते ती केवळ शांतता. म्हणून अधिकृत पद्धती कोणतीही असो, शिक्षक दार लोटून घेऊन पुन्हा मराठीत अर्थ सांगत, आणि मूल घरी जाऊन जुन्या पाठमालेची पाने उलटी. पद्धती बदलत गेल्या, परंतु मुलाला ज्ञात असलेल्या भाषेतूनच अज्ञात भाषेकडे जावे लागते, हे सत्य बदलले नाही.

मधल्या शाळेतील इंग्रजीचे स्थान मात्र अनेकदा बदलले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने पाचवी ते सातवी या इयत्तांतून इंग्रजी काढून ती आठवीपासून ठेवली. त्यामागे मातृभाषेचा पाया भक्कम व्हावा हा हेतू होता, पण ज्यांना शक्य होते त्यांनी आपल्या मुलांसाठी खाजगी वाटा शोधल्याच. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पाचवीपासून इंग्रजी पुन्हा आली. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या बालभारती या पाठ्यपुस्तक मंडळामुळे राज्यातल्या मुलांच्या हाती एकसारखी आणि स्वस्त पुस्तके पडू लागली. जून २००० पासून तर महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी शिकविली जाऊ लागली. अकराव्या वर्षी भेटणारी भाषा आता सहाव्या वर्षी भेटते. वय कमी झाले म्हणून आधाराची गरज कमी झाली नाही. उलट ती वाढली.

आणि जबलपूर, सागर, पाटनकडील मराठी मूल? त्याची गोष्ट थोडी निराळी आहे. पुण्याच्या मुलाला एका भाषेतून दुसरीकडे जावयाचे होते. या मुलाला घरची मराठी, शाळेची हिंदी आणि पुस्तकातील इंग्रजी अशा तीन काठांचा प्रवास करावा लागे. शाळेत इंग्रजी शब्दाचा अर्थ हिंदीतून सांगितला जाई. मराठीतून तो सांगण्याचे काम आई-वडिलांकडे आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या पुस्तकांकडे राहिले. अशा घरात पाठमाला असली, तर ती इंग्रजीबरोबर मराठीही शिकवी. मराठी वाक्य अचूक लिहिता आल्यावाचून त्याचे इंग्रजी करता येत नाही, आणि ज्या गावात मराठी शाळा नाही तेथे मराठी वाक्य अचूक लिहिण्याचा अभ्यास दुसरीकडे कोठे होणार? परभाषेच्या पुस्तकाने स्वभाषेचे रक्षण करावे, असा हा योग आहे.

सारांश, मराठी मुलाला इंग्रजी शिकविण्यासाठी गेल्या दोन शतकांत जी साधने निर्माण झाली, त्यांतील जी टिकली ती मुलाची भाषा ओळखणारी होती. कोश असो, व्याकरण असो वा पाठमाला, ज्याने मराठीकडे पाठ फिरविली नाही त्याने इंग्रजीही दिली आणि मराठीलाही काही परत केले. राव कृष्णरावांनी सागरला शाळेचे दार उघडण्यास हातभार लावला, तर्खडकरांनी त्या दारापर्यंत पायऱ्या बांधल्या, आणि सुभेदार रामजींनी आपल्या मुलाला हात धरून त्या पायऱ्यांवरून चढविले. या तिन्ही कामांची गरज आजही संपलेली नाही. इंग्रजीचे पुस्तक कोणाच्याही हाती पडो. ते उघडून शेजारी बसणारे माणूस प्रत्येक मुलाला मिळते की नाही, यावरच त्या पुस्तकाची किंमत ठरावयाची आहे.